भाऊ गेला, मग आमच्या प्रार्थनेत काय कमी होतं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका ताईंचा धाकटा भाऊ चौतिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. घरच्यांनी उपास-प्रार्थना केल्या, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साखळी-प्रार्थना झाली, एका चंगाई सभेत (आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभेत) त्याच्या डोक्यावर हात ठेवून "तू बरा झालास" असं जाहीरही झालं. तो गेल्यावर एक जण म्हणाले, "विश्वास डळमळला असेल कुठंतरी." दुसरे म्हणाले, "देवाला चांगली फुलं लवकर लागतात." शेजारच्या काकू रोज पिठलं-भाकरी घेऊन येत होत्या, त्या म्हणाल्या, "भोग असतात बाई एकेकाचे." ताई विचारतात: आमचा विश्वास कमी पडला का? घरात कुणाचं पाप आडवं आलं का? मला देवाचा राग येतो, उपासनेला बसवत नाही, हे पाप आहे का? आणि आठ वर्षांचा भाचा विचारतो, "देवानं पप्पांना का नेलं?" त्याला काय सांगू?

ताई, सलाम. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो, कारणं नंतर. नाही, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून भाऊ गेला नाही. नाही, ती कुणाच्या पापाची शिक्षा नव्हती. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू म्हणून माझं आयुष्य कोल्हापूर-मिरजेच्या रुग्णालयांतल्या वॉर्डांत आणि मागे राहिलेल्यांच्या घरी गेलं, पण त्या अनुभवाच्या जोरावरही म्हणत नाही. असा हिशेब मांडायला खुद्द प्रभू येशूने मनाई केली आहे, म्हणून म्हणतो.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस रस्त्याकडेला बसलेला दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? बघा, तो माणूस समोर बसलाय, त्याला ऐकू येतंय, आणि त्याच्या डोक्यावरून चर्चा चालू आहे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. यानंही नाही, याच्या आईबापांनीही नाही. मग तो खाली वाकून थुंकीनं चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांना कारण हवं होतं, येशूचं लक्ष त्या माणसाकडे होतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हेच अधिक कठोरपणे येतं. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली होती. यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा ती जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून येशू स्वतःच "नाही" म्हणतो. आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळतो: तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे दुसऱ्याच्या मरणावरून त्याचं पाप मोजायचं नाही, त्या बातमीनं स्वतःला तपासायचं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं शहराला आणि चिखली-आंबेवाडीला वेढा घातला, तेव्हा मला हा उतारा पुन्हा पुन्हा वाचावा लागला. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं. ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो तर काही भक्तिमान मंडळी म्हणत होती की हा देवाचा कोप आहे. कोप असता तर नदीकाठच्या पत्र्याच्या घरावर आधी आणि टेकावरच्या बंगल्यावर अजिबात नाही, असा कसा पडला? पाणलोटातला पाऊस, धरणांचा विसर्ग, पूररेषेच्या आत उभी राहिलेली बांधकामं, यांवर बोलायचं सोडून देवाचं नाव पुढं केलं की माणसांची जबाबदारी आपोआप पुसली जाते. देवाचं नाव त्यासाठी वापरू नये असं मला फार तीव्रतेनं वाटतं.

तुमच्या काकूंवर मात्र रागावू नका. त्यांनी जे ऐकलंय तेच त्या बोलल्या, आणि त्या डबा घेऊन आल्या होत्या. मला जास्त वाईट वाटतं ते आपल्याच मंडळीतल्यांचं. 'भोग' हा शब्द आपण वापरत नाही, पण "विश्वास कमी पडला" असं म्हणताना तोच हिशेब मांडतो, वर शास्त्रवचनाचा शिक्का मारतो. चौकाचौकात श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'जो आवडतो सर्वांना, तोचि आवडे देवाला' असं असतं. लोक ते प्रेमानं लावतात. पण ज्या मुलाचा बाप गेलाय त्याला त्यातून एवढंच कळतं की देवाला आवडणं धोक्याचं असतं.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक मुळात याच खोडीविरुद्ध लिहिलं गेलंय. ईयोब हा नीतिमान माणूस, आणि त्याची मुलं, मालमत्ता, तब्येत सगळं जातं. अलीफज, बिल्दद, सोफर हे तीन मित्र त्याला भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, कुणी एक शब्द बोलत नाही. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ते तोंड उघडतात आणि तिथून पुढे पानंच्या पानं एकच मुद्दा: तू काहीतरी केलं असणार, उगीच का होईल? ईयोब चिडतो, देवाला न्यायालयात ओढायची भाषा करतो, जन्मदिवसाला शाप देतो. आणि शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो ईयोबावर नाही, मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असं तो अलीफजाला सुनावतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले, देवाशी भांडणारा बरोबर ठरला. आणि ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण शेवटपर्यंत सांगितलं जात नाही. देव वादळातून बोलतो, तारे, समुद्र, रानटी गाढवं, शहामृग असं सगळं दाखवतो, पण 'का' हे सांगत नाही. ईयोब शांत होतो तो कारण कळल्यामुळे नाही, देव प्रत्यक्ष आला म्हणून.

आता प्रार्थनेचं. तुमच्या मनातला खरा काटा मला वाटतं हाच आहे: मागितलं, मनापासून मागितलं, मिळालं नाही. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने काय मागितलं? हा प्याला माझ्यावरून टळून जावो. टळला नाही. प्रेषित पौलाच्या शरीरात कसलासा काटा होता, तो निघावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली. निघाला नाही. उत्तर आलं ते असं: "माझी कृपा तुला पुरे आहे." मागितलेलं न मिळणं हा विश्वास कमी असल्याचा पुरावा असेल तर पौल आणि खुद्द प्रभू दोघेही अविश्वासू ठरतील. हे तुमच्या त्या गृहस्थांना विचारून बघा.

चंगाईसाठी प्रार्थना करू नये असं मी कधी म्हणणार नाही. बायबलमधल्या पत्रात याकोब सांगतो तसं तेल लावून, हात ठेवून मी प्रार्थना करतो. डॉक्टरांनी आशा सोडलेली माणसं उठून बसलेली पाहिली आहेत, आणि ज्यांच्यासाठी सगळी मंडळी गुडघ्यावर होती त्यांची पेटीही खांद्यावर घेतली आहे. दोन्ही घरांतल्या विश्वासात मला फरक दिसला नाही. पण आजारी माणसाला माईकवरून "तू बरा झालास" असं सांगणं ही प्रार्थना नाही, तो देवाच्या वतीनं परस्पर दिलेला शब्द आहे. तो खरा ठरला नाही की देणारा पुढच्या गावाला गेलेला असतो आणि दोष आजाऱ्याच्या उशाशी उरतो. काही जण तर अशा शब्दावर औषधं थांबवतात. आपल्या भागात हे व्हावं याचं मला विशेष वाईट वाटतं, कारण 1894 मध्ये मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी मिशनचं रुग्णालय उभं केलं तेव्हापासून आपल्या आज्या-पणज्यांनी प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छताखाली पाहिली आहे. त्यांना त्यात भांडण दिसलं नाही.

राग येणं पाप आहे का? बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. 150 स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र "कोठवर?" असं विचारत सुरू होतं आणि दोनच वचनांत तो प्रश्न चार वेळा येतो. देव विसरलाय, तोंड लपवून बसलाय, असा थेट आरोप आहे. आपल्या उपासनेत ही स्तोत्रं फार कमी वाचली जातात. स्तुतीची गाणी, साक्षी, "देवानं माझ्यासाठी मोठं केलं" हे सगळं हवं, पण ज्याच्यासाठी काहीच झालं नाही त्यानं रविवारी सकाळी काय म्हणायचं? तुम्हाला बसवत नाही याचं एक कारण हेही असेल की तिथं तुमच्या तोंडात घालायला शब्दच ठेवलेले नसतात.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात एका मुलाच्या खाटेशी कोडोलीकडचा एक बाप बसलेला असायचा. मुलाची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. त्या दिवशी कुणी भेटायला येऊन मोठ्या आवाजात प्रार्थना करून, "देवाची इच्छा" म्हणून लगबगीनं निघून गेलं होतं. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसलेला, मांडीवर जेवणाचा स्टीलचा डबा, न उघडलेला, आणि तो त्याचं झाकण नुसतंच गोल फिरवत होता. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाला, "पाळकसाहेब, देवाला शिवी दिली तर चालतंय का?" मी बायबल काढून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. हेमान नावाच्या माणसाचं आहे ते. मी रात्रंदिवस ओरडतोय, तू मला खोल खड्ड्यात टाकलंस, तूच माझ्या जिवलगांना माझ्यापासून तोडलंस, असं म्हणत ते अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तो थांबला, मी पुढं वाचीन म्हणून. "एवढंच? फुडं काय न्हाई?" म्हटलं, नाही, इथंच संपतं. झाकण फिरवायचं थांबलं. "आणि हे बायबलात ठेवलंय?" म्हटलं, ठेवलंय. मग म्हणाला, "म्हंजे माझ्या आधी कोणतरी हितं बसून गेलाय." आणि त्यानं डबा उघडला.

ताई, देवावर रागावणं म्हणजे त्याच्याशी बोलणं अजून सुटलेलं नाही. मराठी माणसाला तर हे नवं वाटायला नको. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली हे तुकोबांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि त्यांच्या अभंगांत विठोबाशी किती भांडण आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. मला वाटतं, देवाशी इतक्या जवळिकीनं भांडायची सवय हाही त्या पुलाचा एक दगड असावा.

आता थोडं तत्त्वज्ञानाचं, कारण कुणीतरी तुमच्यापुढं तेही मांडेल. देव चांगला आणि सर्वसमर्थ असताना दुःख का, यावर ख्रिस्ती विचारवंतांनी दोन हजार वर्षं डोकं चालवलंय. ऑगस्टीनच्या मांडणीत माणसाला दिलेलं स्वातंत्र्य आणि त्याचा गैरवापर मध्यभागी येतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं कुणाला उडवलं तर हे समजतं, पण अस्थिमज्जेतल्या पेशी बिघडतात तेव्हा तिथं कुणाचं स्वातंत्र्य असतं? दुसऱ्या शतकातल्या इरेनियसच्या वाटेनं जाणारे म्हणतात, हे जग माणूस घडण्याची जागा आहे, दुःखातून तो परिपक्व होतो. काही जण होतातही, काही मोडून पडतात, आणि दोन वर्षांचं बाळ गेलं तर त्याला घडायला वेळच मिळत नाही. मी या विचारवंतांचा अनादर करत नाही. अभ्यासाच्या खोलीत त्यांचा उपयोग आहे. खाटेशेजारी मला तो कधी झाला नाही.

खाटेशेजारी मला क्रूस उपयोगी पडला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आपल्याकडे दुपारी तीन तास प्रभूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात. चौथा उद्गार आला की बहुतेक वक्ते जरा घाई करतात. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे तुमच्याच प्रश्नाचे शब्द आहेत ना? मत्तय आणि मार्क यांनी क्रूसावरचा एवढा एकच उद्गार नोंदवलाय, बाकीचे सहा नाहीत. आणि त्या घटकेला आकाशातून उत्तर येत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी वाणी झाली, रूपांतराच्या डोंगरावर झाली, इथं नाही. 'का' हा प्रश्न देवाच्या पुत्रानं अंधारात, मरणाच्या दारात, बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत विचारला आणि तो तसाच हवेत राहिला. म्हणून तो प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला मंडळीबाहेर पडायची गरज नाही. तो मंडळीच्या अगदी मध्यभागी, वेदीवरच्या क्रूसावर लिहिलेला आहे.

ख्रिस्ती श्रद्धा दुःखाबद्दल जे सांगते ते माझ्या समजुतीप्रमाणे एवढंच आहे, पण हे थोडं नाही. देव दुःखाच्या बाहेर उभा राहून ते वाटत बसलेला नाही. तो आत आलाय. मरण हे त्याचं लाडकं हत्यार नसून पौलाच्या शब्दांत शेवटचा शत्रू आहे, आणि त्या शत्रूचा पराभव तिसऱ्या दिवशी सुरू झाला, अजून पुरा व्हायचाय. पुनरुत्थित प्रभूच्या हातांत खिळ्यांचे व्रण तसेच होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं ते दाखवले. देवाने ते व्रण पुसून टाकले नाहीत. तुमच्या भावाच्या शेवटच्या महिन्यांत तुम्ही जे पाहिलंत तेही "झालं गेलं" म्हणून पुसलं जाणार नाही, असं मी यावरून धरून चालतो. देवाला तो आजार थांबवता आला नसता का? आला असता. मग का नाही थांबवला? याचं उत्तर शास्त्र देत नाही, आणि जो ते देतो म्हणतो त्याच्यापासून जपून राहा.

लोक रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन तुमच्या हातात ठेवतील, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. वचन खरं आहे. पण त्याच्या थोडंसं वर वाचा: सगळी सृष्टी कण्हतेय, आपणही कण्हतोय, आणि आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. त्या कण्हण्यातून पौल अठ्ठाविसाव्या वचनापर्यंत पोचलाय. आणि तो असं म्हणत नाही की प्रत्येक गोष्ट चांगली असते. कर्करोग चांगला नसतो. "या दुःखानं मला घडवलं" हे वाक्य दुःख भोगणाऱ्यानं, पुष्कळ दिवसांनी, स्वतःहून म्हटलं तर मी ते टोपी काढून ऐकतो. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल ते म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. मलाही नाही.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही, तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध नसला तरी. नवरा दारू पिऊन मारतो अशी बाई मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे येते आणि तिला सांगितलं जातं, "आपला क्रूस उचल, प्रभूनंही सोसलं." हे मी ऐकलंय आणि ऐकलं की माझा संताप होतो. प्रभूनं आपला प्राण आपण होऊन दिला, कुणी तो हिसकावला नाही, असं तो स्वतः सांगतो. महायाजकापुढं शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा त्यानं विचारलं, मला का मारतोस? नासरेथात लोकांनी कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. टाळता येण्यासारखा अत्याचार निमूट सोसणं म्हणजे क्रूस नव्हे. तिच्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, 181 ही मदतवाहिनी आहे, आणि मंडळीचं काम तिच्यासोबत पोलीस ठाण्यापर्यंत जायचं आहे. जे दुःख हटवता येतं ते हटवायचं, जे हटत नाही त्यात सोबत राहायचं. येशूच्या सगळ्या चालण्यात मला हेच दिसतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मी अनेक घरांत सांगतो. तरुणपणी दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला. 1882 मध्ये पटकीनं नवरा, लग्नाला दोन वर्षंही धड झाली नव्हती, पदरात तान्ही मनोरमा. 1897 च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आली आणि केडगावला त्यांना घर दिलं. उपासमार म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. 1921 मध्ये मनोरमाही गेली, आणि रमाबाईंनी 1922 मध्ये डोळे मिटले. त्यांच्या दुःखाचा हेतू त्या शेकडो मुली होत्या असं मात्र मी म्हणत नाही. आईबाप उपाशी मरावेत हा कशाचाही हेतू असू शकत नाही. दुःख सोसून झाल्यावर त्यांनी त्याचं काय केलं, एवढंच मी सांगतो, आणि ते करायला त्यांना वीस-बावीस वर्षं लागली. तुमच्या भावाला जाऊन काही महिनेच झालेत. आत्ता तुम्ही कुणासाठी काही करावं अशी अपेक्षा देव करत नाही.

आत्ता काय करायचं? रविवारी बसवत नसेल तर सध्या जाऊ नका, किंवा शेवटच्या बाकावर बसून मधूनच उठून या. पाळकांना एकदा सांगून ठेवा, म्हणजे ते उगीच "दिसला नाहीत" असं सगळ्यांपुढं म्हणणार नाहीत. स्वतःला प्रार्थना सुचत नसेल तर तेरावं किंवा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्यानं वाचा आणि थांबा, पुढं स्वतःचं काही जोडायची गरज नाही. वहिनींशी बोलताना भावाचं नाव घ्या. लोक जपून नाव टाळतात, आणि मागे राहिलेल्याला तेच जास्त बोचतं. कार्याला आलेली गर्दी महिन्याभरात ओसरते, तेव्हा मंडळीतल्या दोन-तीन घरांना स्पष्ट काम नेमून द्या: एकानं विम्याच्या आणि बँकेच्या कागदांसाठी वहिनींसोबत फिरायचं, एकीनं आठवड्यातून एकदा नुसतं येऊन बसायचं. "शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा" असं पौल लिहितो, शोक करणाऱ्यांना समजावा असं नाही. आणि झोप, भूक कित्येक आठवडे उडालेली असेल, किंवा जगूच नये असं तुम्हाला वा वहिनींना वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. त्यात विश्वासाचा कमीपणा नाही. तुमच्या भावालाही आपण औषध दिलंच होतं.

राहिला भाचा. त्याला "देवानं नेलं" असं सांगू नका. ज्या देवानं पप्पांना नेलं तो उद्या आईलाही नेईल, मग रात्री दिवा बंद करून त्याच्याशी प्रार्थना कशी करायची? "पप्पा झोपलेत" असं सांगितलं तर मूल झोपायला घाबरतं. "गावाला गेलेत" म्हणालात तर ते दारात वाट बघत बसतं. आणि "आता घरातला कर्ता तूच" असं कुणी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत असेल तर तिथल्या तिथं थांबवा, तो आठ वर्षांचा आहे.

त्याला आजाराचं नाव सांगा. पप्पांच्या रक्तात कॅन्सर झाला होता, डॉक्टरांनी खूप औषधं दिली, आपण सगळ्यांनी प्रार्थना केली, पण आजार फार मोठा होता आणि पप्पांचं शरीर थांबलं. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही, तू हट्ट केलास, भांडलास, प्रार्थनेत झोपलास, त्यानं काही झालं नाही. हे त्यानं विचारलं नाही तरी सांगा, मुलांच्या मनात हे असतंच. मग लाजराची गोष्ट सांगा. लाजर येशूचा मित्र होता. तो आजारी पडला, बहिणींनी निरोप पाठवला, येशू यायच्या आत तो गेला. मार्था चिडून म्हणाली, तू असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू तिच्यावर रागावला नाही. थोड्या वेळानं आपण लाजराला उठवणार हे माहीत असूनसुद्धा तो कबरीशी रडला. म्हणजे पप्पा गेले तेव्हा येशूलाही रडू आलं. पप्पा आता त्याच्याजवळ आहेत आणि एक दिवस तो सगळ्यांना उठवील तेव्हा आपण पप्पांना भेटू.

"मग पप्पांना आत्ताच का नाही उठवलं?" असं तो विचारील. हुशार मुलं विचारतातच. तेव्हा म्हणा, "मला माहीत नाही रे. मीपण येशूला हेच विचारते." आत्यालाही हे माहीत नाही आणि तरी ती येशूशी बोलते, हे त्यानं तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं. त्याला दफनभूमीत न्यायचं असेल तर न्या, माती, दगड, नाव, सगळं बघू द्या, हात लावू द्या. मध्येच तो खेळायला पळाला तर पळू द्या, त्याला वाईट वाटत नाही असा अर्थ काढू नका. मुलं एकदम सगळं दुःख करत नाहीत. दोन दिवसांनी जेवताना तोच प्रश्न पुन्हा येईल, त्याच शब्दांत. तुम्हीही तेच उत्तर त्याच शब्दांत द्या.